बंद पाकिटाचं वजन

१

दोर ओला होता. नीट वेटोळं करून कुणीतरी तो मायाच्या उशीवर ठेवला होता आणि त्यातलं पाणी गादीत मुरलं होतं.

कुंडलमधल्या त्या घरात भर दुपारी कुणी शिरलं, कधी शिरलं, कुणाला पत्ता नव्हता. घरमालकीण चांदबी मायाला घेऊन गिरणीवर गेली होती. परत आली तर कडी जागच्या जागी, भांडी जागच्या जागी, फक्त उशीवर हा दोर.

"मी एकटी गेले असते आन् ही घरात असती तर?" चांदबी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. "बोल की गं सबा, ही घरात असती तर?"

 सबा मिरजेची. बँकांची, दवाखान्यांची कॉम्प्युटरची कुलपं तपासून देणं हा तिचा धंदा. आज तिला बोलावलं होतं शालूबाईंनी. शालूबाईंची 'उंबरा' संस्था घरातून जीव मुठीत धरून पळालेल्या पोरींना लपवायची. कचेरी कडेगावात, सर्व्हर सांगलीत, आणि पोरी कुठं कुठं, ते फक्त त्या सर्व्हरमधल्या पानांवर.

माया कोपऱ्यात उकिडवी बसली होती. वीस-एकवीस वर्षांची पोर, पण चेहरा म्हातारीसारखा झालेला. तिची थोरली बहीण राणी सासरच्या विहिरीत मेली. पाय घसरला, असं सासरा नानासो म्हणाला, आणि पोलिसांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. नानासोच्या अंगणात चहा पिऊन पिऊन त्यांना दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. पण माया तेव्हा बहिणीकडं राहायला गेली होती आणि तिनं पाहिलं होतं. येत्या सोमवारी सांगलीच्या कोर्टात ती तेच सांगणार होती. तोवर जगली तर.

"हा दोर नानासोच्या दावणीचा हाय," माया म्हणाली. आवाज सपाट. "राणीच्या अंगाला ह्योच होता. पोलीस आलं तवा गायब झाला."

सबानं तो दोर प्लास्टिकच्या पिशवीत घातला. 

"हे घर कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"मला," शालूबाई म्हणाल्या. "तात्याबाला, त्यानंच गाडीतनं आणलं. आन् साताऱ्याच्या अमृतला, सर्व्हरची चावी त्याच्याकडं. बास. तिघंच." त्या थांबल्या. "मलाबी धर. मी सुटत न्हाई."

सबानं मायाला त्याच संध्याकाळी हलवलं. कुठं, ते तिनं कुठंही लिहिलं नाही. शालूबाईंनासुद्धा सांगितलं नाही.

२

कडेगावची कचेरी एका सलूनच्या माडीवर. खाली सलूनवाल्यानं भलामोठा टीव्ही लावलेला, त्यावर दिवसभर इंटरनेटवरची गाणी अखंड चालू. जिन्यापाशी खांबाला शिडी लावून एक हसतमुख गडी वर चढलेला.

"आक्का, बघा आता!" तो वरून ओरडला. "आज पान झटक्यात उघडंल."

"ह्यो वीरधवल," शालूबाई म्हणाल्या. "निम्म्या तालुक्याला इंटरनेटची वायर ह्याचीच. संस्थेकडनं एक पैसा घेत न्हाई. लाइन जड झाली की हाकेसरशी येतो."

"पोरींचं काम हाय आक्का," वीरधवल उतरता उतरता म्हणाला. "म्या दिवाळीआधी आलो तवा ह्यांनी एक जुनं पान उघडून दावलं, किती येळ लागतोय बघाय. आवं, च्या पिऊन झाला तरी उघडंना! आता सुधारलंय."

तात्याबा गाडीच्या टपाला टेकून तंबाखू मळत होता. फौजेतनं निवृत्त झालेला, उंचापुरा, कमी बोलणारा. सबानं त्याला सरळच विचारलं.

"मी सांगितलं आसंल आसं वाटतंय तुला?"

"वाटायचं काय त्यात. विचारावं लागतं."

"मग इचार की." त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "माझी लेक सासरी जळाली. ह्या गाडीत बसणारी परत्येक पोर मी तिला बघून बसवतो. आजून काय इचारायचंय?"

सबा साताऱ्याला निघाली.

अमृत साताऱ्यात भेटला. ऑफिस चकचकीत, भाषा त्याहून चकचकीत. "मॅडम, सांगली ते कडेगाव कनेक्शन पूर्ण एन्क्रिप्टेड आहे. मधल्या माणसाला फक्त कुलूपबंद पाकिटं जाताना दिसतील. फोडायला त्याचा जन्म पुरणार नाही."

सबानं त्याच्यासमोरच सर्व्हर तपासला. कुलूप खरंच पक्कं होतं. चाव्या जागच्या जागी. परका माणूस आत आल्याची खूण नाही. मग सेटिंगच्या एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"कॉम्प्रेशन चालू आहे. एन्क्रिप्शनच्या आधी."

अमृतच्या कपाळावर घाम आला. एसी चालू असताना.

"कधीपासून?"

"असेल... पहिल्यापासूनच."

"खोटं बोलू नका. दिवाळीत बदललंय, तारीख दिसतेय. शालूबाईंना विचारलंत?"

"एवढ्या तेवढ्याला काय विचारायचं?" तो उसळला. "कडेगावहून रोज बोंब, लाइन जड आहे. मजकूर दाबून लहान करून पाठवला की लवकर जातो. चूक काय केली मी? सगळं जग करतं!"

"सगळं जग करतं तर सांगायला घाम का फुटला?"

तेवढ्यात सबाचा फोन वाजला. शालूबाईंचा आवाज चिरकत होता.

"सबा, निरोप आलाय. मायाच्या आईचा. चार दिस बंद हुते, ते परत सुरू झालं."

३

निरोप हा 'उंबरा'चा रिवाज होता, शालूबाईंनी स्वतः घातलेला. पोरीच्या घरचं कुणीही संस्थेच्या नंबरावर निरोप पाठवू शकायचं. शिवी असो की जिव्हाळा, तो पोरीच्या पानावरच, पत्त्याच्या खाली, आपोआप चिकटायचा. निरोप आला की कडेगावच्या पडद्यावर ते पान आपसूक उघडायचं. आणि दर शुक्रवारी शालूबाई पोरीला फोनवर सगळे निरोप वाचून दाखवायच्या.

"शिव्यासुद्धा?" सबानं विचारलं होतं.

"शिव्याबी. घर तोडायचं का ठेवायचं ते पोरीनं ठरवायचं. मी पळून आले तवा माझ्या आईची पत्रं संस्थेवाल्यांनी चुलीत घातली हुती, माझ्या भल्यासाठी. आई मेल्यावर कळलं मला."

सबानं मायाच्या पानावरचे निरोप एकाखाली एक वाचले.

*माया, तुझी आई आजारी. दवाखाना मौजे चिंचणी, ता. कडेगाव. ये.*

*माया, तुझी आई आजारी. दवाखाना मौजे आमणापूर, ता. पलूस. ये.*

*माया, तुझी आई आजारी. दवाखाना मौजे वांगी, ता. कडेगाव. ये.*

असे कितीतरी. शब्द तेच, फक्त गाव वेगळं. एका आईला एवढ्या दवाखान्यांत कोण फिरवतं? सगळ्यात शेवटी मौजे कुंडल, ता. पलूस. त्यानंतर निरोप थांबले होते, आणि थांबल्यावर काही दिवसांतच उशीवर दोर आला होता. आता आजचा नवा. मौजे बांबवडे, ता. पलूस.

"मला वाटलं घरची येडी झाल्यात, खोटं सांगून बोलावत्यात," शालूबाई पुटपुटल्या. "आन् मी हे दर शुक्रवारी त्या पोरीला वाचून दावत हुते गं! ती दोनदा उठून निघाली हुती."

सबा मायाच्या आईला भेटायला गेली. बनाबाई पूर्वेकडच्या माळावर, मेंढ्यांच्या वाड्याशेजारी, घायपाताचे दोर वळत बसली होती. आजाराचा मागमूस नाही. हात मात्र अखंड चालू, आणि सबाकडं बघायला तयार नाही.

"मावशी, तुम्ही मायाला निरोप पाठवला?"

"कशावनं पाठवू? फोन न्हाई, लिवता येत न्हाई. आजारी कोन म्हनलं मला?" मग हलक्या आवाजात, "माझी एक गेली. दुसरीचं नाव घेऊ नगा हितं. नानासोची मानसं रोज येऊन बसत्यात ततं, त्या झाडाखाली."

झाडाखाली खरंच दोघं बसले होते. बघत होते.  तिनं पदराआड धरून पिशवीतला दोर बनाबाईला दाखवला.

बनाबाईचे हात थांबले. तिनं दोराचा पीळ उलटा फिरवला. आत काळ्या लोकरीचा एक धागा होता.

"कुठनं आणला ह्यो?"

"मायाच्या उशीवर ठेवला होता कुणीतरी. ओळखता?"

म्हातारीनं दोराकडं पाहिलं, झाडाकडं पाहिलं, आणि मान खाली घातली. "जा पोरी. तू जा हितनं."

सबा निघाली. मागून मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. ती पार भिवघाटापर्यंत सबाच्या गाडीच्या आरशात दिसत राहिली.

४

सबा मिरजेच्या बोळातल्या घरी पोहोचली तेव्हा तिचे वडील शमशेर उंबऱ्यातच बसले होते, मांडीवर गादीची सुई.

"पोरगी जेवत न्हाई," ते हळूच म्हणाले. "दार वाजलं की पलंगाखाली शिरती."

माया इथं होती. सबाच्या स्वतःच्या घरात. सबाला हे ठरवताना शूर वाटलं होतं; आता बोळात गाडी थांबली की तीही दाराची कडी चाचपायची. आपण बापाला कशात ओढलं?

पलंगाखालून आवाज आला. "ताई, आई लय आजारी हाय का?"

"अजिबात नाही. दोर वळत बसलीय. मी बघून आले."

 आतून हुंदका आला.

त्या हुंदक्यानं सबाची भीती गेली नाही, पण तिच्याशेजारी राग येऊन बसला, आणि रागाला काम लागतं.

दुसऱ्या दिवशी सबानं पाच गोष्टी केल्या. तात्याबाला सांगितलं, मायाला विट्याला ठेवलंय. अमृतला सांगितलं, तासगावला. मग सांगलीला जाऊन सर्व्हरची चावी बदलली, म्हणजे अमृत आत येऊ शकणार नव्हता. आणि मायाच्या पानावर स्वतःच्या हातानं तिसरंच गाव लिहिलं, मौजे खडकेवाडी, ता. पलूस. शेवटी कडेगावला येऊन कचेरीतल्या कॉम्प्युटरच्या पडद्याची वायर उपसून पिशवीत टाकली. कॉम्प्युटर चालू ठेवला, खोलीला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात.

"मला सुदिक कोंडून घालतीस व्हय?" शालूबाई म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणाला होतात. मलाबी धर."

पान उघडत राहणार होतं. पण ते बघायला डोळा नव्हता. खडकेवाडी हे नाव सबाशिवाय कुणालाही, कुठंही दिसणार नव्हतं.

निरोप येत राहिले. मायाच्या आईला एकामागून एक गावांत दवाखान्यात टाकत राहिले. सबा सांगलीच्या सर्व्हरवर, दर निरोपागणिक बाहेर पडणाऱ्या पाकिटाचं आकारमान टिपत बसली. प्रत्येक नव्या निरोपानं पाकीट साधारण सारखंच फुगत होतं. मग एक निरोप आला, मौजे खडकेवाडी, ता. पलूस. आणि पाकीट फुगायचं तेवढं फुगलं नाही.

त्यानंतर निरोप थांबले.

सबा खुर्चीतून उठली ती थेट खडकेवाडीला. गाव म्हणजे मूठभर घरं, एक बेदाण्याचं बंद शेड आणि एक चहाची टपरी. रणरणत्या उन्हात ती टपरीच्या मागं, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटांआड बसून राहिली.

जीप आली. पांढरी, काचा काळ्या. चौघं उतरले. एकाच्या हातात दोराचं वेटोळं.

"पावनं, गावात नवी पोरगी आलीया का कुनाकडं?" त्यानं टपरीवाल्याला विचारलं. "आमची भाची हाय. आई आजारी हाय तिची."

सबानं तोंडावर हात दाबला. जे गाव तिनं कुठल्याच माणसाला सांगितलं नव्हतं, त्या गावात नानासोची माणसं उभी होती.

आणि त्यातला एक क्रेटांकडं चालत येत होता.

५

तो क्रेटांच्या पलीकडं लघवीला उभा राहिला, थुंकला आणि परत गेला. जीप धूळ उडवत गेली तेव्हा सबानं फोन उघडून पाहिला. क्रेटांआडून काढलेले फोटो आले होते. जीपचा, नंबराचा, दोराचा.

कडेगावच्या कचेरीत तिनं सगळ्यांना बोलावलं. शालूबाई, तात्याबा, साताऱ्याहून अमृत. वीरधवलला सांगितलं की लाइन मेलीय. तो हाकेसरशी आला. कॉन्स्टेबल आधीच येऊन खाली सलूनमध्ये दाढीला बसला होता. शालूबाईंनी तो सांगलीहून आणवला होता, नानासोच्या अंगणातला नव्हता.

"कुलूप कुणी फोडलं नाही," सबा म्हणाली. "पाकीट कुणी उघडलं नाही. पाकिटाचं फक्त वजन केलं."

"म्हणजे?" तात्याबानं विचारलं.

"गावच्या यादीत एकाखाली एक तेच नाव आलं तर कारकून काय करतो? पहिल्यांदा पूर्ण लिहितो. खाली नुसती दोन टिंबं देतो."

"व्हय. वरीलपरमाणं."

"कॉम्प्रेशन तेच करतं. पानावर वर पत्ता आहे, मौजे कुंडल, ता. पलूस. खाली निरोप चिकटला, मौजे वांगी, तर ते गाव नवं, पूर्ण लिहावं लागतं, पाकीट फुगतं. पण निरोपात मौजे कुंडल आलं, तर दुसऱ्यांदा नुसती टिंबं. पाकीट कमी फुगतं. वर कितीही भारी कुलूप घाला, आकार झाकत नाही. एकेक गाव टाकत जायचं, आणि ज्या गावाला पाकीट हलकं निघालं, तिथं पोर."

अमृत मटकन बसला. "दोन्ही गोष्टी एकत्र चालू ठेवल्या मी."

"ठेवल्यात, आणि लपवल्यात. पण गाव तुम्ही कळवलं नाही. तुम्हाला मी तासगाव सांगितलं होतं आणि सर्व्हरची तुमची चावी काढून घेतली होती. तात्याबांना विटा. शालूबाईंच्या पडद्याची वायर माझ्या पिशवीत. तरी जीप आली खडकेवाडीला. आता बघा, निरोप कुणीही पाठवू शकतो. पण बाहेर पडणारं पाकीट मोजणार कोण? ज्याच्या हातात वायर आहे तो."

सगळ्यांची तोंडं एकदम वळली. वीरधवल हसतच होता.

"आवं ताई, लाइन जड हुती म्हनून मीच तर धावून यायचो की."

"जड फक्त हीच लाइन. खाली सलूनमध्ये त्याच खांबावरच्या वायरीनं दिवसभर टीव्ही चालतो, एकदाही अडकत नाही. तुम्हीच हिचा गळा दाबलात, अमृत मजकूर दाबून पाठवायला लागेपर्यंत सोडला नाहीत. अमृत, 'कॉम्प्रेशन लावा' हा सल्ला कुणाचा?"

"ह्यांचाच," अमृत म्हणाला. "मला फोन करून."

"आणि मौजे? कुठली आई लेकीला 'मौजे' म्हणून निरोप धाडते? पानावर पत्ता कसा लिहितात आणि निरोप त्याच्या खालीच बसतात, हे बाहेरच्या एकाच माणसानं पाहिलंय. दिवाळीआधी. जुनं पान उघडायला लावून."

वीरधवलचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. त्यानं दाराकडं पाहिलं. दारात तात्याबा होता.

"नानासोच्या रानातनं माझं सगळं खांब जात्यात," तो शेवटी म्हणाला. "त्यानं उपटलं तर मी रस्त्यावर. म्या कुनाला हात लावला न्हाई. नुसतं गाव सांगितलं."

शालूबाई उठल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "राणीला विहिरीत टाकलेलं ठाऊक हुतं तुला?"

तो खाली बघत राहिला.

"आक्का म्हनत हुतास रं मला," त्या म्हणाल्या, आणि खालच्या कॉन्स्टेबलला हाक मारली.

६

शुक्रवारी शालूबाई स्वतः मिरजेच्या बोळात आल्या. सबानं कॉम्प्रेशन बंद केलं होतं, निरोप पत्त्यापासून वेगळे काढले होते, वायर दुसऱ्याची घेतली होती. शालूबाईंच्या लॅपटॉपवर चक्र गरगर फिरत होतं.

"वाचू नगा," माया पलंगाच्या कडेला अंग चोरून बसली होती. "निरोप आला की माझा पाय घराकडं वळतोय. नगं मला."

नानासो अजून मोकळाच होता. सोमवारी कोर्टाच्या दारात त्याची माणसं असणारच होती. सबानं मायाला खोटा धीर दिला नाही.

"एकच हाय," शालूबाई म्हणाल्या. "काल कचेरीत येऊन सांगितला, म्या माझ्या हातानं लिहिला. माळावरनं चालत आली हुती, झाडाखालच्या मानसांच्या म्होरनं."

"कुठल्या गावचा दवाखाना हाय त्यात?"

"गाव न्हाई. दवाखाना न्हाई."

मायानं मान वर केली. शमशेरनी सुई गादीत टोचून ठेवली. चक्र थांबलं, पान उघडलं, आणि शालूबाईंनी वाचलं.

"माया, मी आजारी न्हाई. तुज्या उशाला ठेवलेला दोर म्या बगितला. त्यो माज्या हातचा हाय, राणीच्या म्हशीला म्या वळून दिल्याला, काळी लोकर घालून. नानासोच्या दावणीशिवाय दुसरीकडं कुठं न्हाई त्यो. त्या बाईपशी म्या भिऊन गप ऱ्हायले. आता कोर्टात सांगती. तू आदी बोल. तुज्या मागनं मी."